वाचक विचारतात : सेंच्युरियन कोणाच्या बरोबरीचा?

रोमन सैन्यातील हुद्दे आणि आजच्या सैन्यातील हुद्दे यांच्या तुलनेविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली, म्हणून त्यांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत असलेली गावे आहेत. त्यामुळे पत्र लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना लान्स नाईकापासून जनरलपर्यंतची उतरंड तोंडपाठ आहे, अडते ते रोमन बाजूला. उत्तरांत भर त्याच बाजूवर दिला आहे.

प्रश्न : मी लष्करी सेवेच्या परीक्षेची तयारी करतो. आमच्या अभ्यासिकेत हातोहात फिरणाऱ्या एका तक्त्यात सेंच्युरियन म्हणजे कॅप्टन, ट्रिब्यून म्हणजे कर्नल आणि लेगेट म्हणजे मेजर जनरल असे दिले आहे. हा तक्ता ग्राह्य धरावा काय? (एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : तक्ता करणाऱ्याने हाताखालच्या माणसांची संख्या पाहून जोड्या लावल्या आहेत, आणि संख्येपुरते पाहिले तर तो अगदीच टाकाऊ नाही. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील लीजन, म्हणजे रोमन पायदळाचा मोठा विभाग, घेऊ. आठ सैनिकांचा एक तंबू असे. ते एकत्र राहत आणि आपल्या वाट्याचे धान्य एकत्र दळून शिजवत. असे दहा तंबू मिळून एक सेंचुरिया होई, म्हणजे नाव शंभराचे आणि माणसे ऐंशी. तिचा प्रमुख तो सेंच्युरियन. सहा सेंचुरियांचा, म्हणजे ४८० जणांचा एक कोहॉर्ट आणि दहा कोहॉर्टांची एक लीजन. लीजनचा प्रमुख तो लेगेट आणि त्याच्या हाताखालचे सहा वरिष्ठ अधिकारी ते ट्रिब्यून. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात पहिला कोहॉर्ट मात्र दुप्पट आकाराच्या पाच सेंचुरियांचा, सुमारे ८०० जणांचा असल्याचे दिसते. लीजनबरोबर १२० घोडेस्वार असत. एकूण बळ पाच हजारांच्या थोडे वर जाई. आपल्या पायदळात सेक्शन दहा जणांचे, प्लाटून तीस-पस्तीस जणांची, कंपनी सव्वाशेच्या आसपास आणि बटालियन सुमारे आठशेची असते. या हिशेबाने सेंचुरिया प्लाटून आणि कंपनी यांच्या मध्ये पडते, तर लीजन ब्रिगेडपेक्षा मोठी पण डिव्हिजनपेक्षा बरीच लहान ठरते.

परंतु हुद्दा केवळ संख्येने ठरत नाही. त्या माणसाला नेमले कोणी, तो समाजाच्या कोणत्या थरातून आला, त्याला पुढे कुठपर्यंत जाता येत होते आणि नेमणूक संपल्यावर त्याच्याजवळ काय उरत होते, हे विचारल्याशिवाय जोडी लावता येत नाही. आणि हे विचारू लागताच तक्ता डळमळू लागतो.

यांपैकी शेवटचा मुद्दा आधी घेतो. आज कॅप्टन झालेला माणूस रजेवर असो, प्रशिक्षणाला गेलेला असो की लष्करी रुग्णालयात असो, तो कॅप्टनच असतो. नेमणुका बदलतात, हुद्दा त्याच्यापाशी राहतो. रोमच्या प्रजासत्ताकात अशी सोय नव्हती. मोहीम संपून सैन्याला घरी पाठवले, की सेंच्युरियनचे सेंच्युरियनपणही संपे. इ.स.पू. १७१मध्ये मॅसिडोनियाच्या पर्सियस राजाविरुद्ध भरती सुरू झाली, तेव्हा पूर्वी प्रिमस पिलस, म्हणजे लीजनमधील सर्वांत ज्येष्ठ सेंच्युरियन, राहिलेल्या २३ जणांनी आपल्याला खालच्या जागांवर घेतले जात असल्याची दाद मागितली. त्या सभेत स्पुरियस लिगस्टिनस नावाचा, पन्नाशी ओलांडलेला एक शेतकरी बोलायला उभा राहिला. सॅबाइन मुलखात वडिलार्जित जमिनीचा लहानसा तुकडा आणि एक झोपडी, पदरी सहा मुलगे आणि दोन मुली, बावीस वर्षांची नोकरी, शौर्याबद्दल ३४ वेळा सेनापतींच्या हातून गौरव आणि चार वेळा प्रिमस पिलसची जागा, असा त्याचा हिशेब होता. आपल्याला कोणत्या जागेसाठी लायक समजायचे ते ट्रिब्यूनांनी ठरवावे, असे सांगून त्याने इतरांनाही तक्रार मागे घ्यायला लावले. त्याला पहिल्या लीजनचा प्रिमस पिलस नेमण्यात आले. हे भाषण इतिहासकार लिव्हीने आपल्या परीने सजवलेले असणार, हे मान्य. पण चार वेळा प्रिमस पिलस होणे ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडे एकच माणूस चार वेळा सुभेदार मेजर होत नाही, कारण एकदा झाल्यावर तो खाली येतच नाही.

सम्राटांच्या काळात सैन्य कायमचे झाले आणि सेंच्युरियनची जागा बरीच स्थिर झाली. वरच्या जागा मात्र शेवटपर्यंत नेमणुकाच राहिल्या. तक्त्यातील सर्वांत चुकीची ओळ ट्रिब्यूनची आहे. तिच्याविषयी पुढे एका विद्यार्थिनीने विचारलेच आहे. येथे एवढेच सांगतो, की लीजनमधल्या कोहॉर्टला स्वतःचा असा वेगळा अधिकारी नव्हता. त्यातील ज्येष्ठ सेंच्युरियनच, म्हणजे पिलस प्रायर, रणांगणावर कोहॉर्ट चालवत असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आजच्या पलटणीचा सारा कारभार ज्याच्याभोवती फिरतो, त्या कमांडिंग ऑफिसरची खुर्ची रोमन लीजनमध्ये नव्हतीच, आणि ज्या तक्त्यात ती भरलेली दिसते तो तक्ता मी तरी परीक्षेसाठी पाठ करणार नाही.

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. सेंच्युरियनविषयी वाचताना तो मला कॅप्टनपेक्षा आमच्यासारखाच वाटतो. हा समज बरोबर आहे काय? आणि साधा शिपाई तेथे कुठपर्यंत चढू शकत असे? (एक निवृत्त सुभेदार, सैनिक टाकळी, ता. शिरोळ)

उत्तर : सुभेदारसाहेब, तुमचा समज बहुतांशी बरोबर आहे. इंग्रजी पुस्तकांत तो फारसा आढळत नाही, याचे कारण ब्रिटिश किंवा अमेरिकी सैन्यात तुमच्या पदाला नेमका जोड नाही. त्या सैन्यांतून आलेले लेखक सेंच्युरियनला एक तर कॅप्टन म्हणतात किंवा सार्जंट मेजर म्हणतात, आणि दोन्ही म्हणताना त्यांना अवघडल्यासारखे होते. कॅप्टन म्हणावे तर हा माणूस शिपायांतून वर आलेला. सार्जंट मेजर म्हणावे तर हा स्वतःची तुकडी स्वतःच्या अधिकारात लढवणारा. आपल्याकडे शिपाई आणि अधिकारी यांच्या मध्ये नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर असा ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरांचा स्वतंत्र थर आहे. तो बहुतेक रँकमधून वर आलेला असतो, प्लाटूनचे नेतृत्व करतो, जवान त्याला ‘साहेब’ म्हणतात, आणि वीस-बावीस वर्षांचा लेफ्टनंट अधिकाराने त्याच्या वर असला तरी पहिली दोन वर्षे त्याच्याकडूनच शिकत असतो. सेंच्युरियनला समजून घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

हे साम्य वरवरचे नाही. इंग्रजी अमदानीत तुमचा हुद्दा व्हाइसरॉयच्या कमिशनचा असे आणि वरचे, राजाच्या कमिशनचे हुद्दे गोऱ्यांसाठी राखलेले असत. कितीही लढायांचा अनुभव असलेला सुभेदार मेजर नुकत्याच विलायतेहून आलेल्या सेकंड लेफ्टनंटच्या खालचा ठरे. १९१८ नंतर सँडहर्स्टची दारे मोजक्या हिंदी तरुणांना उघडली आणि १९३२मध्ये डेहराडूनची अकादमी सुरू झाली, तेव्हा कुठे हे छत भेदले जाऊ लागले. रोममध्ये छत वंशाचे नव्हते, वर्गाचे होते. लीजनचा प्रमुख असलेला लेगेट हा सिनेटर असे. त्याच्या खालोखालचा ट्रिब्यून हा सिनेटर घराण्यातला तरुण. बाकीचे पाच ट्रिब्यून इक्वेस्ट्रियन, म्हणजे सिनेटरांच्या खालच्या श्रीमंत वर्गातले. या वर्गात मोडायला चार लाख सेस्टर्सची मालमत्ता लागे. ऑगस्टसच्या काळात साध्या सैनिकाला वर्षाला २२५ दिनारी, म्हणजे ९०० सेस्टर्स मिळत, हे लक्षात घेतले म्हणजे दोघांमधले अंतर कळते. सेंच्युरियन या दोन जगांच्या मध्ये उभा असे, आणि त्याचा पगार सैनिकाच्या सुमारे पंधरापट असल्याचा अंदाज केला जातो.

आता शिपायाच्या चढणीकडे येऊ. ट्युनिशियातील कासरीन येथे पेट्रोनियस फॉर्च्युनाटस नावाच्या सैनिकाचा स्मारकलेख सापडला आहे. पहिल्या इटालिका लीजनमध्ये भरती झाल्यावर चार वर्षांत तो लेखनिक, टेसेरारियस (परवलीचा शब्द पोचवणारा), ऑप्टिओ (सेंच्युरियनचा सहायक) आणि सिग्निफर (निशाण वाहणारा) या पायऱ्या चढला आणि मग लीजनच्याच मताने सेंच्युरियन झाला. त्यानंतरची ४६ वर्षे त्याने सेंच्युरियन म्हणूनच काढली, एकामागून एक तेरा लीजनांत! तुमच्याकडे माणूस एका रेजिमेंटचा होऊन जन्मभर राहतो, तिचा जयघोष त्याच्या रक्तात भिनलेला असतो. रोमन सेंच्युरियन मात्र ब्रिटनपासून सीरियापर्यंत कोठेही बदलून जाई. या बाबतीत तो आजच्या स्टाफ ऑफिसरच्या जवळ येतो.

पेट्रोनियसच्याही पुढे जाता येत असे. ५९ किंवा ६० सेंच्युरियनांतून एक जण प्रिमस पिलस होई, सहसा एका वर्षासाठी. त्या वर्षाअखेर मिळणारी रक्कम इतकी मोठी असे, की शिपायाचा मुलगा इक्वेस्ट्रियन वर्गात जाऊन बसे. निवृत्तीच्या सुमारास सुभेदार मेजरला मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन केले जाते, त्याची येथे आठवण होईल. फरक असा, की रोममध्ये तो केवळ मान नसे, त्यापुढे खरी नोकरी असे. प्रिमस पिलस झालेला माणूस छावणीचा प्रिफेक्ट होऊ शके आणि हा प्रिफेक्ट लीजनमधील तिसऱ्या क्रमांकाचा अधिकारी होता. शस्त्रे, तोफगोळ्यांऐवजी त्या काळी असलेली दगडफेकी यंत्रे, तटबंदी, सामानाचे काफिले, सारे त्याच्याकडे. इ.स. ६०-६१मध्ये ब्रिटनमध्ये बूडिका राणीचे बंड झाले, तेव्हा दुसऱ्या ऑगस्टा लीजनची सूत्रे पोनियस पोस्टुमस नावाच्या अशाच एका प्रिफेक्टच्या हाती होती. गव्हर्नरने बोलावूनही तो लीजन घेऊन निघाला नाही. विजयाची बातमी आल्यावर, आपल्या माणसांना त्या मानापासून वंचित केल्याबद्दल त्याने तलवारीने स्वतःला संपवले. शिपायांतून आलेल्या माणसाकडे पाच हजारांची सूत्रे येऊ शकत होती, एवढे यातून दिसते.

तुमच्या समजाला दोन ठिकाणी मुरड घालावी लागेल. पहिले म्हणजे सगळेच सेंच्युरियन शिपायांतून आलेले नसत. काही इक्वेस्ट्रियन तरुण आपला वर्गीय मान बाजूला ठेवून थेट सेंच्युरियन होत, कारण ट्रिब्यूनची नोकरी चार दिवसांची आणि ही कायमची. दुसरे म्हणजे त्यांची शिस्त. सेंच्युरियनच्या हातात द्राक्षवेलीची काठी असे आणि ती शोभेची नव्हती. इ.स. १४मध्ये पॅनोनियात सैन्याने बंड केले, तेव्हा ल्युसिलियस नावाचा एक सेंच्युरियन मारला गेला. सैनिकांनी त्याचे नाव ‘दुसरी आण’ असे ठेवले होते, कारण एखाद्याच्या पाठीवर काठी मोडली की तो ओरडून दुसरी मागवी आणि ती मोडली की तिसरी. त्याच बंडातली दुसरी तक्रार पैशाची होती: कामातून सूट हवी असेल, तर सैनिकाला सेंच्युरियनचा हात ओला करावा लागे. हा प्रकार इतका रुळलेला होता, की इ.स. ६९मध्ये सम्राट ओथोने तो बंद करण्याऐवजी ती रक्कम सेंच्युरियनांना खजिन्यातून देण्याचे कबूल केले. असल्या साहेबाला तुमच्या पलटणीत एक दिवसही कोणी ठेवला नसता.

आणि तरीही हेच लोक पुढे राहून मरत. इ.स.पू. ५२मध्ये गर्गोव्हियाच्या चढाईत सीझरचे जवळजवळ ७०० लोक पडले, त्यांत ४६ सेंच्युरियन होते. ऐंशी माणसांमागे एक सेंच्युरियन असे प्रमाण धरले, तर ७०० माणसांमागे नऊ पडायला हवे होते. पडले त्याच्या पाचपट. पुढे पॉम्पीविरुद्धच्या लढाईत स्काएवा नावाच्या सेंच्युरियनच्या ढालीला १२० भोके पडलेली मोजली गेली आणि सीझरने त्याला दोन लाख सेस्टर्स देऊन आठव्या श्रेणीवरून एकदम प्रिमस पिलस केले. रणांगणावरची अशी बढती हा सेंच्युरियनच्या हुद्द्याचा सर्वांत मोहक भाग आहे, असे मला वाटते.

प्रश्न : वीस वर्षांचा तरुण ट्रिब्यून होऊन लीजनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर कसा बसत असे? त्याला लढाईतले काय कळत होते? (पदवी वर्गातील विद्यार्थिनी, शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : फारसे काही कळत नसे, आणि कळावे अशी अपेक्षाही नव्हती. रोमन उच्च वर्गात सैन्याची नोकरी आणि राजकारण या दोन वेगळ्या वाटा नव्हत्या. सिनेटर घराण्यातला मुलगा विशीच्या सुमारास एखाद्या लीजनमध्ये वर्ष-दोन वर्षे ट्रिब्यून म्हणून जाई, अंगरख्यावर जांभळा रुंद पट्टा मिरवी, मग रोमला परतून एकेक नागरी पद घेत तिशीत प्रेटर, म्हणजे न्यायदान करणारा मोठा पदाधिकारी होई आणि त्यानंतर कुठे लेगेट म्हणून एखादी लीजन त्याच्या हाती येई. दोन लष्करी नेमणुकांच्या मध्ये दहा-दहा वर्षे तो न्यायनिवाडे आणि खजिन्याचे हिशेब पाहत असे. आपल्याकडे मेजर जनरल होणारा माणूस तीसेक वर्षे सलग गणवेशात असतो. लेगेटला मेजर जनरल म्हणताना हा फरक नजरेआड होतो; जिल्हाधिकाऱ्याच्या हाती तीन वर्षांसाठी ब्रिगेड दिली तर जे चित्र दिसेल, ते त्याच्या जास्त जवळ आहे.

सगळे ट्रिब्यून निरुपयोगी होते, असे मात्र नाही. अ‍ॅग्रिकोला ब्रिटनमध्ये ट्रिब्यून म्हणून गेला, त्याच बेटावर पुढे विसाव्या लीजनचा लेगेट झाला आणि शेवटी तेथलाच गव्हर्नर झाला. तरुणपणी त्याने ट्रिब्यूनपदाचा काळ मौजमजेत आणि रजांत घालवला नाही, असे त्याचा जावई टॅसिटस कौतुकाने सांगतो. त्यावरून इतर कसा घालवत असत, याचाही अंदाज येतो. धाकट्या प्लिनीला सीरियात ट्रिब्यून असताना सहायक पलटणींचे, म्हणजे लीजनबाहेरच्या, सहसा रोमन नागरिक नसलेल्यांच्या तुकड्यांचे हिशेब तपासायला बसवले होते, आणि एखाद्या हुशार पण अननुभवी मुलाचा याहून चांगला उपयोग लेगेटने तरी काय करायचा! इक्वेस्ट्रियन ट्रिब्यूनांचे थोडे वेगळे होते. त्यांच्यापैकी पुष्कळांनी आधी पाचशे जणांच्या एखाद्या सहायक पायदळ कोहॉर्टचे प्रिफेक्टपद सांभाळलेले असे, आणि हे स्वतंत्र प्रमुखपद आजच्या कमांडिंग ऑफिसरच्या सर्वांत जवळ येते.

हा सारा डोलारा तिसऱ्या शतकात ढासळला. इ.स. २३५मध्ये मॅक्सिमिनस हा रँकमधून वर आलेला सैनिक थेट सम्राट झाला, आणि २६०च्या दशकात गॅलिएनसच्या काळापासून सिनेटरांच्या हाती लीजन देणे बंद पडून धंदेवाईक लष्करी माणसे वर आली. त्यानंतरचे हुद्दे इतके वेगळे आहेत, की वरचा एकही शब्द त्यांना जसाच्या तसा लावू नये.

प्रश्न : नाईक, हवालदार यांसारखे खालचे हुद्दे रोमन सैन्यात होते काय? (एक वाचक, कागल)

उत्तर : होते, आणि ते आपल्याला चटकन ओळखू येतात. प्रत्येक सेंचुरियात सेंच्युरियनच्या हाताखाली ऑप्टिओ हा त्याचा सहायक असे. लढाईत तो रांगेच्या मागे उभा राहून माणसे जागेवर ठेवी. त्याला कंपनी हवालदार मेजर म्हणायला हरकत नाही. सिग्निफर निशाण वाही आणि सैनिकांच्या बचतीचे पैसेही सांभाळी. टेसेरारियस रात्रीचा परवलीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून पहाऱ्यावर पोचवी. या मंडळींना कामाप्रमाणे दीडपट किंवा दुप्पट पगार मिळे. त्यांच्याखाली पगार साध्या सैनिकाचाच, पण खोदकाम-झाडलोटीतून सुटका असलेले लेखनिक, लोहार, मोजणीदार, वैद्यांचे मदतनीस असे कसबी लोक असत. ही सुटका किती मोलाची होती, ते इ.स. १०७मध्ये ज्युलियस अपोलिनारियस या सैनिकाने इजिप्तमधल्या वडिलांना लिहिलेल्या पत्रातून कळते: इतर लोक दिवसभर दगड फोडत असताना मी मात्र काही न करता हिंडत असतो, याबद्दल त्याने देवाचे आभार मानले आहेत. पलटणीच्या ऑफिसात क्लार्क म्हणून बसलेल्या आणि फटीग चुकवलेल्या कोणाही जवानाला हे पत्र परके वाटणार नाही.

कागदावरचे बळ आणि हजेरीतले बळ यांतला फरकही तेव्हापासूनचाच आहे. उत्तर ब्रिटनमधील विंडोलांडा येथे पातळ लाकडी पट्ट्यांवर लिहिलेली सैन्याची कागदपत्रे सापडली. त्यांत पहिल्या शतकाच्या अखेरीची, १८ मेची, एका सहायक कोहॉर्टची परेड स्टेट, म्हणजे हजेरीचा गोषवारा, आहे. एकूण ७५२ माणसे, त्यांत सहा सेंच्युरियन. त्यांपैकी ४५६ बाहेर. ४६ जण गव्हर्नरच्या संरक्षक दलात आणि एक सेंच्युरियन लंडनला. तळावर २९६, त्यांत १५ आजारी, ६ जखमी, १० जणांचे डोळे आलेले. कामास लायक २६५, आणि त्यांच्यावर सेंच्युरियन फक्त एक. म्हणजे त्या दिवशी उरलेल्यांचे नेतृत्व ऑप्टिओंनीच केले असणार, आणि कोणत्याही तक्त्यात न मावणारी खरी गोष्ट हीच आहे, की वरचा माणूस नसला म्हणजे खालच्याला त्याच्या जागी उभे राहावे लागते.

प्रश्न : शिवकालीन सैन्यातील नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी ही रचना रोमन रचनेशी जुळते काय? (एक शिक्षक, पन्हाळा)

उत्तर : मांडणी जुळते, तिच्यामागचा विचार काही ठिकाणी वेगळा आहे. सभासद बखरीप्रमाणे पायदळात दहा जणांमागे एक नाईक, पाच नाइकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी असे. घोडदळात पंचवीस स्वारांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी आणि पाच हजाऱ्यांवर पंचहजारी. नाईक आणि त्याची दहा माणसे रोमन तंबूतल्या आठांच्या शेजारी ठेवावीत, आणि पायदळाचा जुमलेदार, म्हणजे शंभर-दीडशेंचा नायक, सेंच्युरियनच्या शेजारी. हे साम्य उसनवारीचे नाही. हाकेच्या टप्प्यात आठ-दहा माणसेच राहतात आणि एका माणसाला तोंडओळखीने शंभराच्या आसपासच सांभाळता येतात, हे कोणत्याही मुलखातल्या सेनानायकाला कळत होते.

खरा फरक किल्ल्यावर दिसतो. महाराजांच्या किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे एकाच दर्जाचे अधिकारी असत. कोणा एकाने फितुरी करायची म्हटले, तरी बाकीचे दोघे आड येत. रोमन लीजनच्या तळावर अशी विभागणी नव्हती, तेथे लेगेटचा शब्द अखेरचा. सम्राटांनाही फितुरीची भीती होतीच, पण त्यांनी ती वेगळ्या मार्गाने आवरली: लेगेट काही वर्षांतच बदलला जाई, आणि धान्याच्या दृष्टीने नाजूक अशा इजिप्तमध्ये तर सिनेटराला पाऊलच ठेवू देत नसत, तेथल्या लीजनांवर इक्वेस्ट्रियन प्रिफेक्ट असत. तुमच्या पन्हाळ्याचा शिवकालीन हवालदार आणि आज दहा जणांचे सेक्शन चालवणारा हवालदार यांना मात्र एका रांगेत बसवू नये. मधल्या काळात हुद्दा तोच राहून अधिकार कितीतरी खाली आला आहे.

प्रश्न : टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची रोमन मूर्ती आहे. रोमन सैनिक कोल्हापूरपर्यंत आले होते काय? (एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : नाही. ती ब्राँझची मूर्ती सातवाहन काळातील सागरी व्यापारातून घाटावर आलेली आहे. पूर्वेकडे रोमन सैन्य ट्राजन सम्राटाबरोबर इ.स. ११६मध्ये इराणच्या आखातापर्यंत पोचले. भारताकडे निघालेले एक जहाज तेथे पाहून, आपण तरुण असतो तर नक्की गेलो असतो, असे तो म्हणाल्याचे सांगतात. उलट दिशेने मात्र आपली माणसे गेली. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनमधील सारे जण मशिनगनच्या माऱ्यात पडले. त्यांनी एकट्याने धावून जाऊन ती जागा घेतली, तेथेच ते मारले गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

प्रश्न : खांद्यावर तारे नसताना रोमन सैनिकाला आपला साहेब ओळखू कसा येई? (शालेय विद्यार्थी, इचलकरंजी)

उत्तर : शिरस्त्राणावरून आणि काठीवरून. सेंच्युरियनच्या शिरस्त्राणावरचा तुरा एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे असा आडवा बसवलेला असे, म्हणजे गर्दीत मागूनही तो दिसे. सिग्निफर डोक्यावरून जनावराचे कातडे पांघरी. शौर्याची पदके पट्ट्यांना लावून छातीवर बांधत: इ.स. ९मध्ये जर्मनीत वयाच्या ५३व्या वर्षी मारला गेलेला अठराव्या लीजनचा सेंच्युरियन मार्कस कॅलियस याच्या स्मारकशिळेवर ती सारी पदके आणि हातातली वेलीची काठी स्पष्ट कोरलेली आहे. आणखी एक खूण अशी, की साधा सैनिक तलवार उजव्या बाजूला लटकवी आणि सेंच्युरियन डाव्या.